लेव्हांता पाणी पितेय

आमच्या लुचित्सा गावात एखाद्याकडे ‘जागा’ आहे असं म्हटलं, तर त्याच्याकडे घर किंवा जमीन आहे असं कुणी समजत नाही. जागा म्हणजे धक्क्यावरची होडी बांधायची जागा. अशा सत्तावीस आहेत आणि अठ्ठाविसावीला खडक आडवा येतो. द्राक्षमळा विकता येतो, जागा विकता येत नाही. ती बापाकडून येते आणि एकाच कारणाने जाते. संत पेतारच्या सणाला त्यांची मूर्ती नेणाऱ्या संतांच्या होडीमागून जी फेरी निघते, तिच्यात तुमची होडी स्वतःच्या मोटारीवर लागोपाठ तीन वर्षं आली नाही, तर तुमची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. ह्याला आम्ही ‘तीन पेतार’ म्हणतो. हे कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुणाला खोडताही आलेलं नाही.

माझा पहिला पेतार माझा नवरा येर्को गेला त्या वर्षी चुकला. तो मे महिन्यात गेला आणि जूनमध्ये मी काळ्या कपड्यांत खिडकीशी उभी राहून फेरी पाहिली. दुसऱ्या पेतारला होडी आमच्या अंगणात अंजिराखाली उलटी पडली होती आणि तिच्या फळ्यांमधून माझं बोट आरपार जात होतं. तिसरा पेतार ह्या वर्षीचा. एकोणतीस जून, संध्याकाळी सहा.

यादीतला पुढचा माणूस म्हणजे बार्तुलचा जावई. बार्तुल हा येर्कोचा चुलतभाऊ. बंदराचा कारभार तो बघतो, होड्या पाण्यात उतरवायच्या गाड्याची किल्ली त्याच्या कमरेला असते आणि फेरीत संतांची होडीही तोच चालवतो. जावई झाग्रेबचा आहे. त्याची आठ मीटरची पांढरी प्लास्टिकची बोट मे महिन्यापासून बंदराच्या तोंडाशी बोयाला बांधलेली होती आणि तिचं तोंड सारखं माझ्या जागेकडे असायचं. वाऱ्यामुळे असेल, पण मला ते खपत नव्हतं.

माझ्या होडीचं नाव लेव्हांता. ती येर्कोची कधीच नव्हती. माझ्या वडिलांनी ती बांधून घेतली होती. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून माझ्या लग्नात त्यांनी ती मोटारीसकट मला दिली आणि धक्क्यावरची जागाही दिली. दोर माझ्या हातात दिला, पण सुकाणूचा दांडा येर्कोने धरला आणि चौतीस वर्षं धरूनच ठेवला. मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, माशांच्या टोपल्यांजवळ. एकदाही तो “घे जरा” म्हणाला नाही आणि एकदाही मी दांडा मागितला नाही. ह्यातल्या दुसऱ्या गोष्टीचा मला जास्त राग येतो. जायच्या आधी आठवडाभर तो येईल त्याला सांगत होता की लेव्हांता संपली, फोडा आणि मासे भाजायला वापरा, मोटार तेवढी विका. माणूस चांगला होता. माझं त्याच्यावर प्रेम होतं आणि अजून आहे. पण होडीच्या बाबतीत तो चुकला, आणि माणूस गेला की त्याच्या चुकाही बरोबर ठरतात असं मानणाऱ्यांतली मी नाही.

दोन हिवाळे मी तिच्यावर घालवले. शिकवायला बार्बा स्तिपान होता. समुद्रावर म्हाताऱ्या झालेल्या प्रत्येकाला आमच्याकडे बार्बाच म्हणतात, पण हा खरा बार्बा. गावातल्या अर्ध्या होड्या त्याच्या हातच्या. ब्याऐंशीव्या वर्षी त्याचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. तो अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि शिव्या घालायचा, मी काम करायची. अकरा फळ्या आणि चार बरगड्या बदलल्या. मोटार एका सिलिंडरची, जुनी डिझेलची. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली आणि तो अख्खा हिवाळा मी ओट्याशी उभ्याने जेवले. गावातले पुरुष कुंपणावरून डोकावायचे, मान हलवायचे आणि कॉफी प्यायला निघून जायचे.

फटी भरायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी मला रसायनाचे डबे सुचवले. दगडासारखं कडक होतं म्हणे, थेंब आत येत नाही. बार्बाने ते ऐकलं आणि थुंकला. सुकलेली फळी पाण्यात गेली की फुगते. फट कडक भरली तर तिला फुगायला वाव उरत नाही आणि मग बरगडी मोडते. म्हणून फटींत तेलात भिजवलेला तागच ठोकायचा, आणि तोही जरा हात राखून. अशी होडी पहिल्यांदा पाण्यात गेली की सगळीकडून गळते. गळू द्यायचं. तीन दिवसांत फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात, मग आत पाणी येत नाही. ह्याला आम्ही होडी बुडाली असं म्हणत नाही. होडी पाणी पितेय असं म्हणतो. तिचं पिणं होईपर्यंत कुणी तिला हात लावत नाही.

म्हणजे मला तीन दिवस हवे होते. मी दहा दिवस आधीच बार्तुलकडे गाडा मागितला. गाड्याचं चाक मोडलंय, नवं स्प्लितहून यायचंय, असं त्याने सांगितलं. मी रोज विचारत राहिले आणि तो रोज पुढच्या फेरीबोटीचं नाव घेत राहिला. मी अंगणात लेव्हांतावर ओली पोती टाकली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, पण आमचं जूनचं ऊन ओल्या पोत्यांना दाद देत नाही. अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी ते चाक आपोआप बरं झालं. उद्या सकाळी सहाला तुझाच पहिला नंबर, असं बार्तुल मला अगदी आपुलकीने सांगून गेला. तीन दिवसांचे बारा तास झाले होते.

सकाळी सहाला आम्ही तिला उतरवलं. मी नाळेवर ऑलिव्हची डहाळी बांधली. बार्बाने लाल वाइन घेतली, अर्धी तिच्या नाळेवर ओतली, अर्धी स्वतः प्यायला. गाडा खडखडत उतारावरून गेला, पाणी वर आलं आणि लेव्हांता गाड्यावरून सुटून तरंगली. दोन वर्षांनी ती हलत होती. हा आनंद जेमतेम दोन श्वास टिकला. कारण तेवढ्यात ती गळायला लागली. एका बाजूने नव्हे, वीस ठिकाणांहून.

धक्क्यावर सणासाठी जमलेले लोक हसले. मी तिला दोराने ओढत माझ्या जागेवर आणून बांधलं. बार्तुल वर उभा होता, धुतलेला पांढरा शर्ट घालून.

“वहिनी, होडी उतरवलीस की चाळणी?”

“पाणी पितेय ती,” मी म्हटलं.

“पिऊ दे की. पण प्यायलेलं माणूस दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येतं. फेरी आज आहे.”

लोक परत हसले. विनोद बरा होता, मलाही दुसऱ्या कुणाबद्दल असता तर हसू आलं असतं. मी स्कर्ट खोचला, आत उतरले आणि बादली घेतली.

बार्बाने हुकूम सोडला. पाणी मोटारीच्या जड चाकाखाली चार बोटं राहिलं पाहिजे. वर चढलं तर मोटार गेली, आणि पूर्ण उपसलं तर फळ्या आतून प्यायच्या राहतील. त्याने धक्क्याच्या कडेला खुर्ची मांडली, लांब काठीला एक डबा बांधला, त्यात लाकडाचा भुसा भरला आणि डबा होडीच्या पोटाखाली नेऊन पालथा करायला लागला. भुसा पाण्यातून वर येतो आणि फटी त्याला आत ओढून घेतात. डबा पालथा करता करता तो माझ्या बादल्या मोजत होता. चर्चची घंटा झाली की आकडा सांगायचा. पहिल्या तासाच्या दोनशे ऐंशी झाल्या.

नऊच्या सुमाराला जावई विजेचा पंप घेऊन आला. पोरगा वाईट नाही, त्याला खरंच माझी काळजी वाटली असावी. मी त्याला म्हटलं, तुझा पंप तुझ्या बोटीला लागेल. त्याने सासऱ्याकडे पाहिलं आणि पंप उचलून नेला. दहाच्या घंटेला बार्बाने दोनशे दहा सांगितले. पाणी कमी येतंय की मी थकतेय, हे मला कळत नव्हतं, म्हणून मी चाकाकडे पाहिलं. चार बोटं तशीच होती. पाणीच कमी येत होतं.

दुपारी एकला, सगळे जेवायला गेल्यावर, बार्तुलची बायको पेरिना आली. पाव, खारवलेल्या सार्डिन आणि पाणी घातलेली वाइन घेऊन. मी एका हाताने खाल्लं आणि एका हाताने उपसलं. ती जायचं नाव घेईना. नवऱ्याच्या होडीत नाळेवर बसण्यात तिचीही चाळीस वर्षं गेली आहेत.

“दोब्रिला, तुला चालवता येते?” तिने हळूच विचारलं.

“चौतीस वर्षं पाहतेय.”

“मी पण पाहतेय,” ती म्हणाली. मग तिने भांडी गोळा केली आणि गेली.

चारच्या घंटेला एकशे दहा. माझे तळवे सोलले होते, त्यावर फडकं बांधलं होतं आणि खारं पाणी त्यातूनही झोंबत होतं. त्याच वेळी बार्तुल आमच्या पाद्रींना, दोन मारिनना, बरोबर घेऊन आला. (माणूस एकच, पण पाद्रीच्या नावाआधी आमच्याकडे मानाने ‘दोन’ लावतात.) बार्तुलने आणि त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. एकसष्टाव्या वर्षी हे बरं नव्हे. दोन मारिन म्हणाले की संतांच्या होडीत तुझ्यासाठी मानाची खुर्ची ठेवतो. मग बार्तुलने खरं काय ते काढलं. लेव्हांताला त्याच्या होडीमागे दोराने बांधू या, ओढत नेलं तरी फेरी ती फेरीच, आणि जागेचं काय ते सण झाल्यावर घरच्या घरी बोलू.

घरच्या घरी. म्हणजे त्याच्या टेबलाशी, त्याच्या वाइनवर, मी खुर्चीच्या कडेला बसून. ओढलेली होडी स्वतःच्या मोटारीवर आली असं उद्या कोण म्हणणार होतं?

“बार्तुल, चाक कुणी मोडलं होतं ते पाद्रीबाबांसमोर सांग,” मी म्हटलं, “मग मी तुझ्या होडीत येऊन बसते.”

तो लाल झाला. दोन मारिनना चाकाबद्दल काहीच माहीत नव्हतं, ते एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. बार्बाने भुशाचा डबा पालथा केला आणि शिट्टी वाजवायला लागला. बार्तुल म्हणाला की ही बाई येर्कोचंही ऐकायची नाही. हे साफ खोटं होतं. मी येर्कोचं सगळं ऐकलं होतं, आणि त्याचाच हिशेब आज माझ्या हातांना द्यावा लागत होता.

साडेपाचला मी मोटारीचा हँडल लावला. पहिल्या वेळी ती नुसती शिंकली. दुसऱ्या वेळी हँडल उलटा फिरला आणि माझ्या मनगटावर बसला. धक्क्यावर आता सगळं गाव होतं आणि कुणी हसत नव्हतं, ते मला हसण्यापेक्षा वाईट वाटलं. तिसऱ्यांदा मी येर्कोला एक शिवी दिली, वडिलांची माफी मागितली आणि सगळं अंग टाकून फिरवलं. धूर आला, आवाज आला, टक-टक-टक-टक असा तोच आवाज, जो मी चौतीस वर्षं पाठीमागून ऐकत आले होते. आज तो माझ्या पायाशी होता. मी दोर सोडले आणि दांडा धरला.

फेरी कशी असते ते लुचित्सातलं शेंबडं पोरही सांगेल. बंदरातून बाहेर, उजवीकडच्या टोकापर्यंत, आणि परत. अर्धा तास. पुढे संतांची होडी, मागे आम्ही सव्वीस जण एका रांगेत. मी शेवटची. दांडा गुडघ्यांत धरला की हात मोकळे राहतात, हे मला बंदराच्या तोंडापर्यंत जमलं. मग मी उपसायला लागले.

टोकाशी आल्यावर बार्तुलने होडी वळवलीच नाही. सरळ पुढे घातली, बाहेरच्या खडकाळ बेटाकडे. तिकडे फेरी आजवर कधी गेली नव्हती. हवा छान आहे, संतांना जरा मोकळा समुद्र दाखवू, असं त्याने दोन मारिनना सांगितलं, हे मला नंतर कळलं. बाहेर दुपारचा वारा अजून होता आणि लाटा होत्या. बंदरात लेव्हांता गप्प बसून प्यायली होती. इथे ती वर-खाली व्हायला लागली, तिच्या फळ्या हलल्या आणि जी तोंडं दिवसभरात मिटत आली होती ती परत उघडली.

चार बोटांची दोन झाली. मग एक. मी उपसत होते आणि पाणी चढत होतं. मला भीती वाटली, ती मी लपवत नाही. मला पोहता येतं, बुडण्याची नव्हती. भीती ही होती, की आता ही मोटार बंद पडली तर सगळे म्हणतील येर्कोचं बरोबर होतं. शेवटी चाक पाण्याला लागलं आणि त्याने माझ्या तोंडावर पाणी उडवायला सुरुवात केली.

बेटाच्या मागे संतांची होडी हळू झाली. बार्तुलने रांग पुढे जाऊ दिली आणि माझ्या शेजारी आला. हातात दोर होता. त्याचा चेहरा मी नीट पाहिला. त्यात आता चेष्टा नव्हती, तो घाबरला होता.

“धर, वहिनी. हट्ट पुरे झाला.”

दोर माझ्या मांडीवर येऊन पडला. चांगला जाड, कोरडा दोर. त्याच्या होडीत नाळेवर पेरिना बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी दोर उचलला आणि त्याच्याकडे न फेकता समुद्रात टाकला, म्हणजे तो ओला दोर ओढून घेण्यात त्याचा वेळ जावा. मग दोन्ही हातांनी उपसायला लागले. तळव्यांवरची फडकी कुठे गेली ते माहीत नाही. मी मोठमोठ्याने बोलत होते असं दोन मारिन सांगतात. काय बोलत होते ते मात्र ते सांगत नाहीत, त्यांना ते शोभणार नाही.

बेटाला वळसा पडला आणि वारा पाठीवर आला. लाटा आता तिला मागून ढकलत होत्या, ठोसे मारत नव्हत्या. चाकाचे शिंतोडे थांबले. बंदराच्या तोंडातून मी आत आले तेव्हा मोटार चालू होती आणि सुकाणूचा दांडा माझ्या गुडघ्यांत होता, हे सगळ्या धक्क्याने पाहिलं. जावयाची बोट बोयाला होती. मी तिच्या शेजारून गेले, माझ्या जागेसमोर वळले, जरा चुकून धक्क्याला आपटले आणि दोन्ही दोर बांधले. मोटार बंद केली. कानात एकदम शांतता झाली.

दोन मारिन प्रत्येक होडीवर पाणी शिंपडत आले. माझ्या होडीत आधीच भरपूर होतं, तरी त्यांनी शिंपडलं. मग बार्तुल आला. शर्ट कोपरांपर्यंत ओला. त्याने खाली वाकून लेव्हांतात पाहिलं. पाणी चाकापासून तीन बोटं खाली होतं आणि येतच होतं.

“फेरी झाली, मान्य,” तो म्हणाला. “पण तू उपसायची थांबलीस की ही रात्रीतून तळाला जाणार.”

“बुडाली तर माझ्या जागेवर बुडेल,” मी म्हटलं.

 मी शेवटच्या पन्नास बादल्या काढल्या, बार्बाला त्याच्या दारापर्यंत पोचवलं, घरी गेले, हातांना तेल लावलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पलंगाच्या मधोमध झोपले.

रात्रीतून लेव्हांता बुडाली का, ते मला विचारू नका, बार्तुलला विचारा. मी झोपले होते. तो पहाटेपर्यंत धक्क्यावर बसून वाट बघत होता.